ठोका कुणाचा?

इंजिन बांधून झाले, गाडीत चढवले, ऑइल-पाणी भरले, चावी फिरवली आणि पहिल्याच मिनिटाला खालच्या ऑइल चेंबरच्या बाजूने ‘ठक-ठक’ ऐकू आली, की गॅरेजमध्ये एक ठरलेला वाद सुरू होतो. मालक मिस्त्रीकडे पाहतो, मिस्त्री लेथवाल्याकडे बोट दाखवतो, लेथवाला स्पेअरच्या दुकानदाराचे नाव घेतो आणि दुकानदार कंपनीचे. आपल्याकडे या प्रकाराचे खापर माणसांच्या स्वभावावर फोडायची पद्धत आहे. हल्ली कुणी काम मनापासून करत नाही, जुने मिस्त्री गेले, त्यांच्याबरोबर त्यांचा कानही गेला, वगैरे. माझे मत असे, की हा वाद स्वभावातून आलेला नाही, तो बेअरिंग बनवण्याच्या पद्धतीतून आला. साधारण १९३० च्या दशकापर्यंत इंजिनात ठोका येई आणि आजच्यापेक्षा पुष्कळ वेळा येई, पण तो कुणाचा असा प्रश्न पडत नसे, कारण बेअरिंग ओतणारा, कोरणारा आणि बसवणारा माणूस एकच असे. पुढे काम वाटले गेले आणि ठोक्याला मालक शोधावा लागला. नव्या बांधलेल्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणे ही जी कला आपण वाखाणतो, ती बरीचशी या वाटणीचा निवाडा करण्याची कला आहे.

सुरुवात आयझॅक बॅबिटपासून करावी लागेल. या अमेरिकन कारागिराने १८३९ साली कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर लावलेल्या बेअरिंगचे पेटंट घेतले. आपल्याकडे या मिश्रधातूला व्हाइट मेटल म्हणतात. फिरत्या पोलादी दांड्याला आधार द्यायला मऊ धातू वापरायचा, म्हणजे कचरा आला तर तो धातूत रुतून बसतो आणि दांडा वाचतो, हे त्यामागचे साधे तत्त्व. मोटारी आल्या तेव्हा हाच धातू त्यांच्या क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत गेला. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये हीच बेअरिंगे होती. काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. वितळवलेला धातू रॉडच्या मोठ्या तोंडात ओतायचा, थंड झाल्यावर कोरायचा, क्रँकच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) निळा रंग लावून रॉड चढवायचा, फिरवायचा, काढायचा. निळा डाग जिथे उमटला तिथे धातू उंच. तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडायचा आणि पुन्हा चढवायचा. सगळीकडे सारखा डाग येईपर्यंत हे चाले. शेवटी क्रँक हाताने फिरवून पाहायचा, तो ओढ घेतो की मोकळा जातो यावर काम पास किंवा नापास. माप आकड्यात कुठेच लिहिलेले नसे. ते मनगटात असे.

त्या काळात इंजिन बांधल्यावर काही दिवसांनी ठोका येणे जवळपास गृहीतच होते. नवा मऊ धातू थोडा दबला, थोडा झिजला, की रॉड वाजू लागे. मग खालून चेंबर सोडायचा, रॉडच्या टोपीखाली घातलेल्या पातळ पत्र्यांपैकी एखादा काढायचा किंवा टोपीचे तोंड कानशीने किंचित घासायचे, आणि पुन्हा आवळायचे. यात दोषारोपाला जागा नव्हती. आज आपण ज्याला बिघाड म्हणू, त्याला तेव्हाचा मिस्त्री फेरतपासणी म्हणाला असता. शेतकऱ्याने बैलगाडीच्या धावा पुन्हा आवळून घ्याव्यात, तशातला हा प्रकार. मुंबईपुरते बोलायचे तर फोर्डने १९२६ मध्ये भारतात कंपनी स्थापन केली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. या गाड्यांची दुरुस्ती करणारी पहिली पिढी याच ओतीव बेअरिंगांवर शिकली. शेवरलेच्या सहा सिलिंडरच्या प्रसिद्ध इंजिनात तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ओतीवच राहिली. म्हणजे जुनी पद्धत एका रात्रीत गेली नाही. ती आणि पुढे आलेली नवी, अशा दोन्ही पद्धती आपल्याकडे बराच काळ शेजारी-शेजारी नांदल्या. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, त्या सुमाराच्या ताफ्यात शेवरले, फोर्डसन, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, फियाट अशा निरनिराळ्या कंपन्यांची वाहने होती. एका कार्यशाळेत एवढ्या तऱ्हेची इंजिने उघडणाऱ्या माणसाला प्रत्येक इंजिनाची सवय वेगळी लक्षात ठेवावी लागली असणार, हे सांगायला पुराव्याची गरज नाही.

बदल आणला तो पातळ शेल बेअरिंगने. पोलादी पट्टीवर मऊ धातूचा अगदी पातळ थर चढवायचा, पट्टी अर्धगोल वाकवायची आणि तिची जाडी कारखान्यातच इतकी नेमकी ठेवायची, की बसवताना तिला कुणी हात लावू नये. अमेरिकेत क्लीव्हलँड ग्रॅफाइट ब्राँझ कंपनीने ही पद्धत रुळवली आणि तिचा परवाना घेऊन ब्रिटिश उद्योजक टोनी व्हँडरवेलने १९३० च्या दशकात ती इंग्लंडमध्ये आणली. (व्हँडरवेलच्या शर्यतीच्या गाडीचे नाव ‘व्हॅनवॉल’. त्यातला ‘वॉल’ हा त्याच्या ‘थिनवॉल’ बेअरिंगमधला. या गाडीने १९५८ साली फॉर्म्युला वनमधली उत्पादकांची पहिली अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली. बेअरिंगच्या नावाने धावलेली दुसरी गाडी चटकन आठवत नाही.) नवे शेल ओतीव धातूपेक्षा जास्त भार पेलत, जास्त टिकत, आणि बदलायलाही सोपे असत. पण त्यांनी मिस्त्रीच्या हातातून स्क्रेपर काढून घेतला. शेल खरवडायचा नाही, टोपी घासायची नाही, पत्रे घालायचे नाहीत. क्रँक झिजला तर तो ग्राइंडिंगवर जाणार, तिथे दहा, वीस, तीस किंवा चाळीस थाऊने बारीक होणार, आणि त्याच मापाच्या अंडरसाइझ शेलचा सेट बाजारातून येणार. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा थाऊ म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. जर्नल आणि शेल यांच्यातली फट मात्र, ढोबळ हिशेबाने, जर्नलच्या दर इंच व्यासामागे एक थाऊ, म्हणजे साध्या मोटारीत दीड-दोन थाऊ. एवढीशी फट आता तीन वेगळ्या ठिकाणी ठरू लागली: क्रँक घासणाऱ्याच्या यंत्रावर, शेल बनवणाऱ्या कारखान्यात आणि रॉडच्या तोंडाच्या गोलाईत. मिस्त्री या तिघांना फक्त एकत्र आवळतो. चूक तिघांपैकी कुणाचीही असो, वाजते ती त्याच्या गॅरेजमध्ये.

भारतात या बदलाला आपल्या धोरणांनी वेगळीच धार आली. १९५३ मध्ये सरकारने ठरवले, की देशात टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवणाऱ्यांनाच मोटारी काढता येतील. १९५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघींनी गाशा गुंडाळला. उरल्या मोजक्या गाड्या. त्यात वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्यात बनणारी फियाट, जी १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली, आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादी, त्यामुळे जुनी गाडी मोडीत काढणे परवडण्यासारखे नव्हते. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, तीन मेन बेअरिंगांवर फिरणारा क्रँक. अशी रचना सोपी, खोलायला सोयीची. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या आयुष्यात तिचे इंजिन अनेकदा बांधले जाई: आधी रिंगा, मग बोअरिंग करून मोठे पिस्टन, मग आणखी मोठे, शेवटी लायनर. क्रँकही असाच दहा-वीसच्या पायऱ्या उतरत जाई. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथल्या स्पेअरच्या बाजारांचे पोट या पायऱ्यांवर चाले. जगात इतरत्र इंजिन बांधणे ही क्वचित करायची गोष्ट होत चालली असताना आपल्याकडे ती मोटारीच्या आयुष्याची ऋतुचक्रासारखी पाळी झाली. ठोक्याचे निदान हा स्वतंत्र हुन्नर म्हणून इथे का फुलला, याचे उत्तर या आर्थिक नाइलाजात आहे. मिस्त्रीच्या कानाची दैवी देणगी त्यामानाने दुय्यम.

दुसरी गुंतागुंत शब्दाची. मराठी गॅरेजमध्ये ‘नॉकिंग’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला जातो. एक, धातूवर धातू आपटण्याचा आवाज. दुसरी, सिलिंडरमध्ये उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटल्यामुळे होणारी किणकिण. हा घोटाळा केवळ आपला नाही. १९१० च्या दशकात अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंगच्या बॅटरी इग्निशनमुळे इंजिने नॉक करतात असा आरोप झाला. त्याच्या प्रयोगशाळेतल्या थॉमस मिजलीने या आवाजाचा माग काढला आणि दोष इंधनाच्या जळण्यात असल्याचे दाखवले. मजा अशी, की रॉकेल लाल रंगाचे केले तर ते उष्णता लवकर शोषेल आणि नॉकिंग थांबेल या चुकीच्या कल्पनेने मिजलीने त्यात आयोडीन घातले. नॉकिंग कमी झाले, पण रंगामुळे नव्हे, आयोडीनमुळे. इतर रंग घालून पाहिले तर काहीच फरक पडला नाही. या वाटेने तो ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगापर्यंत पोहोचला. १९२३ मध्ये शिसेयुक्त पेट्रोल विक्रीला आले, १९२४ मध्ये ते बनवणाऱ्या कामगारांचे विषबाधेने मृत्यू झाले, आणि तरीही ते जगभर पसरले. भारतातून ते १ फेब्रुवारी २००० पासून हद्दपार झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मुद्दा एवढाच, की इंजिन बांधताना हेड फेस करून थोडे पातळ होते, नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन वाढते, टायमिंग नव्याने लावले जाते. म्हणजे जळणातला नॉक येण्याची कारणे बांधणीच्या वेळीच तयार होतात. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असली तर विचारायलाच नको. चढावर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की येणारी आणि टायमिंग जरा मागे घेतले की जाणारी किणकिण ही बेअरिंगची नव्हे. ती ऐकून चेंबर उतरवणे म्हणजे दाढ दुखते म्हणून पायाला पट्टी बांधणे.

आता कानाबद्दल. जुन्या मिस्त्रीच्या कानाची थोरवी मला नाकारायची नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून ऐकणे, ही फ्रेंच डॉक्टर लाएनेकने १८१६ मध्ये शोधलेल्या डॉक्टरी स्टेथोस्कोपचीच गॅरेजी बहीण. पण त्या कानामागची पद्धत पाहिली, तर तिथे चमत्कारापेक्षा हिशेब जास्त आहे. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा. म्हणून टॅपेटचा आवाज क्रँकच्या फेऱ्यांच्या निम्म्या ठेक्यात येतो, रॉडचा ठोका पूर्ण ठेक्यात. एकेका प्लगची वायर काढायची. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका दबतो, त्या सिलिंडरचा रॉड किंवा गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) संशयित. गजन पिन हलक्या रनिंगवर, दुहेरी टकटक करते. पिस्टनची थाप गार असताना मोठी आणि इंजिन तापले की कमी होते. मेन बेअरिंगचा आवाज खोल, ओझ्याखाली येणारा. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्रँक मागे-पुढे सरकतो आहे किंवा फ्लायव्हीलचे बोल्ट पाहायला हवेत. या प्रत्येक चाचणीत कान साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. न्याय होतो तो एकेक शक्यता वगळत गेल्याने. म्हणूनच ‘कान गेले’ ही तक्रार मला अर्धवट वाटते. गेली ती वगळण्याची सवय, आणि ती का गेली याचे कारण पुन्हा कामाच्या वाटणीत सापडते.

पण वर दिलेली सगळी लक्षणे मुळात झिजलेल्या इंजिनाची आहेत. पुस्तकांत तीच असतात. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात झीज नसते, तिथे असते फक्त केलेले काम. त्यामुळे तिथे आवाजाच्या जातीइतकीच त्याची वेळ महत्त्वाची. चालू केल्यावर दोन-चार सेकंद खडखड होऊन थांबली, तर नवा फिल्टर आणि वाटा ऑइलने भरेपर्यंतचा तो वेळ. त्यात काही काळजीचे नाही. पण सुरुवातीपासून ठोका, आणि गरम झाल्यावर ऑइलचे प्रेशर कमी, तर माप चुकले आहे. क्रँक वीसला घासून घेतला आणि शेल दहाचे बसवले, तर दीड-दोन थाऊच्या जागी अकरा-बारा थाऊची फट राहते. असा रॉड पहिल्या फेरीपासून वाजणारच. उलट चूक झाली असती तर क्रँक फिरलाच नसता, म्हणजे ती चूक आपोआप पकडली जाते, ही नाही. प्रेशर ठीक आणि तरी एकाच सिलिंडरचा ठोका, तर टोपी उलटी बसली, किंवा दोन रॉडच्या टोप्यांची अदलाबदल झाली, जे टाळण्यासाठी रॉडवर आणि टोपीवर आकडे ठोकण्याची जुनी रीत होती. किंवा ज्या पिस्टनची पिन मध्यापासून किंचित बाजूला असते, तो तोंड उलटे करून बसवला. तो गार असताना थाप मारत राहतो. शे-दोनशे किलोमीटरनंतर उठलेला ठोका मात्र निराळी गोष्ट सांगतो: शेलच्या पाठीमागे अडकलेला कण, क्रँकच्या ऑइलच्या भोकांत राहिलेला ग्राइंडिंगचा कचरा, चालू करण्याआधी ऑइल न चढवल्याने सुरुवातीलाच घासले गेलेले बेअरिंग, पुरेसे न आवळलेले बोल्ट. पहिल्या प्रकारातला ठोका बहुतेक वेळा मापाचा, दुसऱ्यातला बहुतेक वेळा स्वच्छतेचा. मापात लेथवाला आणि दुकानदार येतात, स्वच्छतेत मिस्त्री. गॅरेजमधल्या त्या जुन्या वादाचा निकाल असा घड्याळ पाहूनही बराचसा लावता येतो.

यावर एक आक्षेप हमखास येईल: एवढा वाटणीचा सिद्धांत कशाला, खरा गुन्हेगार नकली स्पेअर. डुप्लिकेट शेल, नरम गजन पिना, यांनी बाजार भरलेला आहे हे कुणी नाकारत नाही. पण नकली शेलची जाडी चुकीची असेल तर ती बसवण्याआधीच मायक्रोमीटरवर कळते. शेल आवळून, बोअर गेजने आतला व्यास आणि मायक्रोमीटरने जर्नल मोजला, की फट कागदावर येते. न मोजता बसवले म्हणून नकली मालाला इंजिनात प्रवेश मिळाला. ओतीव बेअरिंगच्या काळात मिस्त्रीला आकडा लागत नव्हता, कारण तो निळ्या डागावरून स्वतः तपासत होता. शेल आले तेव्हा डाग गेला, आणि त्याच्या जागी यायला हवे होते ते मायक्रोमीटर बऱ्याच गॅरेजांत आलेच नाही. मधली जागा विश्वासाने भरली: लेथवाल्याने ‘वीस’ म्हटले म्हणजे वीस. एक हातोटी गेली आणि दुसरी शिस्त आली नाही, या पोकळीत नकली माल घुसला. दुसरा आक्षेप बरोबर उलट बाजूचा आहे. आता संगणक आहे, नॉक सेन्सर आहे, मग हा इतिहास कशाला? १९७८ च्या टर्बो ब्यूइकपासून मोटारींत आलेला हा सेन्सर ऐकतो ते जळणातल्या नॉकला, सेकंदाला साधारण सहा-आठ हजार कंपनांच्या आसपासच्या आवाजाला. रॉडचा ठोका त्याच्यासाठी कोलाहल आहे. कधीकधी तो यांत्रिक खडखडीलाच जळणाचा नॉक समजतो आणि टायमिंग मागे घेतो, गाडी मंद होते आणि ठोका राहतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी केटरिंगच्या टीकाकारांनी केलेली गफलत आता सिलिकॉनची चकती उलट दिशेने करते.

मापाचा प्रश्न तर नव्या इंजिनांत आणखी बारीक झाला. होंडासारख्या जपानी कंपन्यांनी शेलना रंगांच्या खुणा दिल्या आणि क्रँक-ब्लॉकवर कोरलेल्या अक्षरांशी त्या जुळवायच्या असे ठरवले. इथे दोन शेजारच्या रंगांतला फरक काही मायक्रॉनचा, म्हणजे दहा-वीसच्या पायऱ्यांवर वाढलेल्या हाताला न जाणवणारा. अशा इंजिनाचा ठोका मिस्त्रीने कानाने बरोबर ओळखला, तरी दुरुस्त कानाने होणार नाही.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. पण जुन्या गाड्या हौसेने बाळगणारे, गावाकडची जीप दुसऱ्यांदा बांधून घेणारे, ट्रॅक्टरचे हाफ इंजिन करणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच सांगायचे आहे: क्रँक लेथवर गेला की परत येताना मापाची चिठ्ठी मागा, प्रत्येक जर्नलचा आकडा तिच्यावर लिहून घ्या. आणि बांधलेले इंजिन ठोकत असेल, तर चेंबर उतरल्यावर शेल रॉकेलमध्ये टाकण्याआधी त्यांच्या पाठी वाचा. साइझ तिथेच कोरलेली असते.